बंद मिलचा भोंगा

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. जागरण-गोंधळात अंगात आलेली माणसं मी माझ्याच स्पीकरच्या मागे उभं राहून इतकी बघितलीत, की आता त्याचं काही वाटत नाही. एकदा तर मुद्दाम हळूच आवाज खाली घेतला होता... घुमणारा बाबा जरा वेळानं शांत झाला आणि चहा मागायला लागला. तेव्हापासून माझं मत पक्कं होतं – जे काय आहे ते आवाजात आहे, बाकी सगळं माणसाच्या डोक्यात. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. त्यामुळे मी स्वतः लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "आता तुमीबी?"

हो, मीपण. यात भूत नाही, पांढरी साडी नाही, रात्रसुद्धा नाही. भर उन्हात, कामाच्या दिवशी घडलेली गोष्ट आहे. आणि ती आवाजाचीच आहे, म्हणजे अगदी माझ्या धंद्यातली. तरी मला तिचा उलगडा होत नाही.

आमचं गाव बारामतीहून मोरगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, उगाच लोक बघायला यायचे. गावाच्या वरच्या अंगाला माळावर पूर्वी पुठ्ठ्याची मिल होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिथं बॉयलरवर फायरमन होते. भट्टीत कोळसा टाकायचा, पाण्याची पातळी बघायची, वाफेचं प्रेशर पडू द्यायचं नाही... सगळी नोकरी त्या एका भट्टीसमोर गेली. मिल बंद पडून आता बरीच वर्षं झाली. मशिनरी भंगारात गेली. बॉयलर गॅसनं कापून ट्रकवर चढवला, तेव्हा मी स्वतः बघायला गेलो होतो. छपरावरचा पितळी भोंगा तर त्याच्याही आधी गेला होता. आता तिथं एक उंच धुराडं, पडक्या भिंती आणि वेड्या बाभळी आहेत, बस.

त्या भोंग्याबद्दल थोडं सांगावं लागेल. रोज पाळी बदलायला तो वाजायचाच, त्याच्यावर गाव जेवायचं. पण वर्षातून एकदा वेगळा वाजायचा. बॉयलर थंड करून आतून साफ करायचे, सरकारी इन्स्पेक्टर येऊन तपासून जायचा, मग पुन्हा पेटवायचे. पहिल्यांदा पूर्ण वाफ भरली की ज्यानं भट्टी पेटवली त्या फायरमननं साखळी ओढून एक लांब भोंगा द्यायचा. तो मान त्याचा, त्यात मॅनेजरसुद्धा हात घालायचा नाही. सुरुवातीला थोडा खाकरायचा, मग चढायचा, मध्ये एकदा बसल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा उचलायचा. आबांनी तो दिला की आई हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. आळीतल्या बाया म्हणायच्या, "बबनरावांची वाफ आली बरं का!" आणि आई उगाच पदर सारखा करायची.

त्या बॉयलर हाउसच्या आवाजानं आबांचे कान गेले. थोडं कमी ऐकू येतं असं नाही, पूर्ण गेले. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस मेली आहे, मशीन लावून उपयोग नाही. माझ्या मोठ्या स्पीकरसमोर त्यांना उभं केलं तरी म्हणतात, "छातीत धडधडतंय, पर ऐकाय न्हाय काय."

आता ताईचं. वैशालीताई माझ्यापेक्षा मोठी. लहानपणी आबांचा डबा मिलमध्ये तीच घेऊन जायची. बॉयलर हाउसमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तिथले लोक हातानं खुणा करत – मूठ वर म्हणजे प्रेशर चढलं, तळहात खाली म्हणजे कोळसा कमी टाका, असं. त्या सगळ्या खुणा तिला यायच्या. घरात आईशी भांडण झालं तरी ती मूठ वर करून दाखवायची. पुढे तिनं बारामतीत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, बॉयलरची परीक्षा दिली आणि पास झाली. लग्न इंदापूरला झालं. आज ती लोणी देवकरच्या एमआयडीसीत दुधाची पावडर करणाऱ्या एका कंपनीत बॉयलर इनचार्ज आहे. "बाई? बॉयलरवर?" असं विचारणारे अजून भेटतात. मी त्यांना मोबाइलमधला तिचा हेल्मेट घातलेला फोटो दाखवतो. कुणी न मागतासुद्धा दाखवतो, ते कबूल.

कंपनीचा बॉयलर कोळशावर चालायचा. ताई इंदापूरहून माहेरी येताना रस्त्यानं बघायची, इंदापूर काय, बारामती काय, प्रत्येक सॉ मिलच्या मागे लाकडाच्या भुशाचे, सालींचे, ढलप्यांचे ढीग. पावसात कुजतायत, नाहीतर कोणीतरी काडी लावून दिलेली आणि अख्ख्या वस्तीचे डोळे चुरचुरतायत. तिच्या डोक्यात ते बसलं. मला एकदा म्हणाली, "संत्या, कोळसा कुठून कुठून आणायचा, आन् जाळायचं सामान हितं दारात कुजतंय." त्यापायी तिनं जे केलं ते मी जवळून बघितलंय. सुट्टीच्या दिवशी वखारीवखारीतून पोत्यात नमुने भरून आणायची. कुठला भुसा ओला, कुठला कोरडा, बाभळीचा कसा जळतो, कडुनिंबाचा कसा... तिच्या घराच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे भुसा वाळत घातलेला. कंपनीला पटवता पटवता तिचे केस पांढरे झाले. शेवटी मालक तयार झाले. पट्ट्यावरून इंधन आपोआप आत पडेल अशी व्यवस्था केली, भट्टीतली जाळी बदलली, हवेचे पंखे बदलले, भुसा कोरडा राहावा म्हणून शेड बांधली. मग ट्रायलचा दिवस ठरला.

ट्रायल म्हणजे नुसता जाळ करून बघायचा नव्हता. त्या दिवशी रोजचं दूध येणार, आणि त्याच वाफेवर सगळा प्लांट चालणार. प्रेशर पडलं की आत आलेलं दूध वाया. तिच्या वरच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, फेल गेलं तर परत कोळसा. आणि मग बॉयलरला इनचार्ज पण दुसरा."

हे सांगायला ती गावी आली आणि इथंच सगळं बिनसलं.

आबा ओट्यावर बसले होते. तिनं हातानं, तोंडानं, पाटीवर लिहून सगळं समजावलं. आबांचा चेहराच उतरला.

"भुशावर बॉयलर? येडी का काय तू?"

"आबा, नुसता भुसा न्हाय. ढलप्या मिसळल्यात."

"म्या बघितलंय, वैशे. कोळसा संपला हुता म्हणून आमी भुसा टाकला, फावड्यानं. आतनं जाळ उलटा आला. माज्या जोडीच्या येशवंताचं तोंड भाजलं... माज्यासमूर. भुसा न्हाय त्यो, बंदुकीची दारू हाय दारू!"

ती त्यांच्यासमोर खाली बसली. पट्टा कसा थोडं थोडं टाकतो, दार उघडावंच लागत नाही, पंखा जाळ आतल्या आत कसा ओढून धरतो, सगळं पाटीवर काढून दाखवलं. आबांनी पाटी बघितलीच नाही. ते एवढंच म्हणाले, "माज्या पोरीचं तोंड भाजायला म्या तुला शिकू दिलं न्हाय." आणि डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसाला अबोला धरणं सोपं असतं. डोळे मिटले की विषय संपला. त्यानंतर ताईचा व्हिडिओ कॉल आला की आबा उठून परसात जायचे. ती स्क्रीनवर रिकाम्या ओट्याकडे बघत राहायची. मला वाईट वाटायचं, पण दोघांनाही काय सांगणार? ती चुकत नव्हती. आणि आबांनी जे बघितलं होतं तेही खोटं नव्हतं.

ट्रायलच्या दिवशी मी घरीच होतो. सुप्याला एका साखरपुड्याची ऑर्डर होती, टेंपोत सामान चढवत होतो. आबा सकाळपासून ओट्यावर. नाश्ता तसाच बाजूला. मध्येच त्यांनी आईला विचारलं, "पेटिवला का तिनं?" म्हणजे दिवस त्यांच्या चांगलाच लक्षात होता. आईनं मान हलवून 'माहीत नाही' म्हटलं. शेजारच्या मुलाणी चाची अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. उन्हं चांगली वर आली होती. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं.

आणि तो आवाज आला.

आधी खाकरल्यासारखा. थंड पायपात साचलेलं पाणी बाहेर पडताना भोंगा असा घसा साफ करतो – हे मी लहानपणापासून ओळखतो. मग चढला. इतका भरून आला की टेंपोचा पत्रा माझ्या हाताखाली थरथरला. माळाच्या बाजूनं येत होता, मिलच्या दिशेनं. याबद्दल माझी शंभर टक्के खात्री आहे, आवाज कुठून येतोय हे कळण्यावर माझं पोट आहे.

मुलाणी चाचींचा हात शेवयांवर तसाच थांबला. "या अल्ला... मिल चालू झाली का काय?"

आई पिठाचे हात घेऊन ओट्यावर आली. आणि मी आबांकडे बघितलं.

आबा उभे होते. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणजे आम्ही दचकलेलो त्यांना दिसत नव्हतो. उजवा हात डोक्याच्या वर, मूठ आवळलेली. ती मूठ हळूहळू खाली येत होती, काहीतरी जड ओढत असल्यासारखी. मनगटाच्या शिरा ताणलेल्या. मध्येच हात जरा ढिला पडला... आणि आवाज बसला. त्यांनी पुन्हा ओढला, आणि आवाज उचलला.

मग त्यांनी मूठ सोडली. आवाज थांबला.

भीती वाटली असं म्हणणार नाही. का कोण जाणे, रडू येत होतं. आई पिठाच्या हातांनीच पदर सारखा करत होती.

मी बाइकला किक मारली आणि थेट माळावर गेलो. मिलच्या गेटला गंजलेलं कुलूप. तिथं शेळ्या राखणारे गेनूतात्या बाहेर येऊन उभे होते, आणि ते गावाकडे बघत होते.

मला बघून म्हणाले, "काय रं संतोष, गावात भोंगा कुणी वाजिवला?"

"गावात?" मी म्हटलं, "तात्या, आमाला हिकडनं ऐकू आला. मिलमधनं."

"हितनं? हितं काय हाय वाजाया? म्या हितंच हुतो की. गावाकडनं आला त्यो, मारुतीच्या देवळाकडनं."

भिंत ओलांडून मी आत जाऊन आलो. बॉयलर हाउसला छप्परच नाही. जिथं भोंगा होता तिथं आभाळ.

तेवढ्यात लक्षात आलं, खिशात फोन वाजून गेलाय. ताईचे मिस्ड कॉल. पहिला भोंगा थांबता थांबता आला होता, बाकीचे मी बाइकवर असताना, म्हणूनच मला ऐकू आले नव्हते. परत लावला. ती हसत होती का रडत होती, कळत नव्हतं.

"संत्या! वाफ आली रे! प्रेशरचा काटा पूर्ण वर! सगळा प्लांट त्याच्यावर चाललाय, अन् धूर बघ... धूरच दिसत न्हाय!"

"कधी आली?"

"आत्ता! काटा चढला आन् पहिला फोन तुला लावला, तू उचलीना."

मी विचारलं, "तुमच्याकडं भोंगा वाजवला का?"

"भोंगा कुठला? आमच्याकडं हूटर आहे, तोबी न्हाय वाजवला. का रे?"

"काय नाय," म्हटलं, "आबा खूश आहेत." ते तोंडातून आपोआप निघालं. पण खोटं नव्हतं. घरी आलो तर आबा नाश्ता करत बसले होते, आणि आई त्यांना अजून वाढत होती.

त्यानंतरच्या सुट्टीला ताई आली. तिला मी मुद्दाम आबांच्या हाताबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, फक्त गावात भोंगा ऐकू आला एवढंच कानावर घातलं होतं. आबा ओट्यावरच होते. ती समोर बसली. मग म्हणाली, आम्हाला उद्देशून, "एक सांगू? हसू नका. काटा चढत होता ना, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. पोरं म्हणाली, मॅडम काय धरताय? मलाच कळंना. पण खांदा असा दुखत होता, जसं काय पाण्यानं भरलेली कळशी ओढलीय."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे.

आबांनी हे ऐकलं नव्हतं. ऐकूच शकत नाहीत ते. पण तिनं बोलताना हात वर नेला होता, तो त्यांनी बघितला. ते पुढे झुकले, तिचा तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले,

"साखळी जड आसती पोरी. पयल्यांदा येकट्याला न्हाय जमत. म्या नुस्ता हात लावला... वडली तूच."

ताई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी आत निघून गेलो.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, दुसरा कुठला तरी आवाज असेल. मीही आधी तेच म्हटलं. सोमेश्वरनगरच्या कारखान्याचा म्हणाल, तर हंगाम संपून ऊसतोडीवाले कधीच घरी गेले होते, आणि तो भोंगा आम्ही ओळखतो. ट्रकचा एअर हॉर्न असा बसून उचलत नाही. माझी सिस्टीम टेंपोत, वायरी गुंडाळलेल्या. आणि गंमत म्हणजे भोंगा चालू असतानाच मुलाणी चाचींनी फोन काढून फलटणच्या लेकीला व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्यात त्यांचा आवाज स्पष्ट आहे – "मिलचा भोंगा वाजतोय गं, ऐक, ऐक." मग त्यांनी फोन उंच धरलेला. मी तो मेसेज लॅपटॉपवर घेतला, हेडफोन लावून परत परत ऐकला. चिमण्या आहेत. एक शेळी ओरडते. भोंगा नाही. सगळ्या आळीनं ऐकलेला, माझ्या टेंपोचा पत्रा हलवणारा आवाज त्यात कणभरही नाही!

आबांना पुन्हा बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट तोच. मी धीर करून आबांना विचारलंही, तुम्हाला ऐकू आला का म्हणून. ते म्हणाले, "मला ऐकाय कशाला पायजे? माज्या हातात हुता त्यो."

बॉयलर तेव्हापासून लाकडावरच चालतोय. दोन्ही तालुक्यांतल्या वखारींचा भुसा, साली, ढलप्या टेंपो भरभरून लोणी देवकरला जातात. सॉ मिलवाले ताईला फोन करून विचारतात, "मॅडम, गाडी कधी पाठवताय?" आजूबाजूच्या कंपन्यांची माणसं बघायला येतात, आणि आता म्हणे दुसरीकडेही असंच करायचं चाललंय, तिथं बोलवतात तिला.

आबांनाही मी घेऊन गेलो होतो. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. गेटवर सिक्युरिटीच्या माणसानं वही पुढं केली आणि विचारलं, कोण तुम्ही? मी आबांना खूण केली. उभ्या गावात ताईला 'बबनरावांची पोरगी' म्हणत आलेत. आबा ताठ उभे राहिले आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल असं ओरडले, "बॉयलरवाल्या म्याडमचा बाप!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. आतल्या ऑफिसातून लोक बाहेर आले. आत गेल्यावर भट्टीच्या काचेतून त्यांनी जाळ बघितला, खूप वेळ. भुसा पडत होता आणि पडता पडता पेटत होता, उलटा कुठेही येत नव्हता. त्यांनी ताईच्या गालावरून हात फिरवला. मला वाटतं, गाल भाजलेला नाही ना, ते बघत असावेत.

तर असं आहे. तो आवाज कुठून आला, एकाच वेळी मिलकडून आणि गावाकडून कसा आला, रेकॉर्ड का झाला नाही... मला सांगता येत नाही. आवाजावर माझं घर चालतं, तरी नाही सांगता येत. कुणाला काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी वाचीन. पण आमच्या घरी पाहुणे आले की मी आधी ताईच्या बॉयलरचं सांगतो. ते सगळं सांगून झालं, चहा झाला, आणि कुणी अजून बसलेलं असलं, तरच भोंग्याचा विषय काढतो.